चुकीला टाळी

५ ऑगस्ट, मंगळवार

हॉलची किल्ली आज परत दिली. एकोणीस वर्षं ती माझ्या खिशात होती. ऋषिकेशने ती टेबलाच्या खणात टाकली आणि माझ्या मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, आता हाच तुमचा हॉल." ऋषिकेश म्हणजे आमच्या संस्थेचा नवा कार्यक्रम व्यवस्थापक. वय सत्तावीस. माझं त्रेपन्न. माणूस वाईट नाही. वाईट बातमी सांगायची असली की आधी चहा मागवतो.

बातमी अशी की यापुढे प्रशिक्षणं फोनवर. व्हॉट्सअॅप ग्रुप, आठवड्यातून दोन ऑनलाइन वर्ग आणि संस्थेच्या पानावर टाकायला रील. प्रात्यक्षिक महिन्यातून एकदा, तेही गावात जाऊन. मी गावोगावच्या बायांना शेळ्यांना लस टोचायला, जंताचं औषध पाजायला शिकवतो. त्यांना पशुसखी म्हणतात. शेळी न धरता शेळीचं काम कसं शिकवायचं, असं मी विचारलं, तर ऋषिकेश म्हणाला, "सर, लोक आता विमान बी फोनवर शिकून राह्यले." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. या वयात उंटावर चढवलं मला.

माझी खरी काळजी वेगळी आहे. माझ्या 'चुकीला टाळी'चं काय होणार? ही पद्धत माझी स्वतःची. वर्गात जिची चूक होईल तिला पुढे बोलवायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, मग तिने तेच काम पुन्हा करून दाखवायचं. हसता हसता भीती जाते. शेवटी मीही माझी एक चूक सांगतो. कामरगावला मी एकाच शेळीला दोनदा लस दिली होती, कारण मालकाने तिला मागच्या दाराने फिरवून पुन्हा रांगेत आणलं होतं. बाया डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. जिल्ह्यात एवढा हसवणारा प्रशिक्षक दुसरा नाही, हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

निकिताने, म्हणजे माझ्या मुलीने, अकोल्याहून फोनवर सांगितलं की बाबा, आईपाशी कुरकुर करू नका, वहीत लिहा. म्हणून ही वही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पहिला ऑनलाइन वर्ग झाला. एकतीस नावं, त्यांतले आठ चेहरे, एक छताचा पंखा आणि एक नुसतं तुरीचं वावर. हॉलमध्ये कोणाला कळलं नाही ते मला कपाळावरून कळायचं. इथे कपाळंच नाहीत. मध्येच एक म्हातारा आवाज आला, "कोन मानूस बोलून राह्यला वं तुह्या फोनात इतक्या येळचा?" आणि ती बाई गेलीच. तिला परत बोलवायचं कसं ते मला येत नव्हतं.

शेवटी 'काही शंका?' म्हटलं. एकट्या रामीबाईने विचारलं, "सर, सुई कातडीच्या खाली गेली का मासात गेली, हे हाताले कसं समजते?" प्रश्न अस्सल होता. मी म्हटलं, सरावाने समजतं. उत्तर बरोबर आहे, पण ते देताना मला बरं वाटलं नाही, का कोण जाणे.

रामीबाई पोहरादेवीकडच्या हरिसिंग नायकांच्या तांड्यातली, हॉलमधल्या माझ्या शेवटच्या तुकडीतली. दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की नवरा देवला आणि ती ऊसतोडीला जातात. मुलगी रेणू सातवीत आहे, तिलाही बरोबर न्यावं लागतं आणि तिची शाळा अर्ध्यात तुटते. यंदा रामीबाईने मुकादमाला नाही म्हणून सांगितलं. तांड्यात तीनशेच्या वर शेळ्या आहेत. तेवढं काम हातात आलं तर घरी राहता येईल, असा तिचा हिशेब. मी तिला म्हटलं होतं, रामीबाई, मी आहे ना.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. बैल उरलेत थोडे, पण पुरणपोळ्या तेवढ्याच. ऋषिकेशचा निरोप आला की बाकीच्या प्रशिक्षकांचे रील आले, माझं एकही नाही. पुरणपोळीची चवच गेली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

तांड्यात प्रात्यक्षिक झालं. चौदा बाया आल्या. फोन कडुलिंबाच्या फांदीला बांधून ठेवला होता, व्हिडिओ आपला आपण चालू. ही युक्ती निकिताची.

रामीबाईची पाळी आली. तिने शेळीच्या कानात आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटलं, कातडी चिमटीत धरली, स्वतःचे डोळे गच्च मिटले आणि सुई घातली. सुई कातडीच्या घडीतून आरपार बाहेर! सगळी लस केसांवरून ओघळली. नव्या हाताची ही नेहमीची चूक. पण रामीबाईला पत्ताच नाही. डोळे उघडून, अभिमानाने म्हणाली, "झालं सर! इले कळलंबी नाई!"

मला राहवलं नाही. म्हटलं, "वा रामीबाई! शेळीलाही नाही कळलं, अन् लशीलाही नाही कळलं कुठं जायचं ते!" अशा टाळ्या पडल्या की शेळ्या दावं तोडायला लागल्या. रामीबाईही वाजवत होती. मग तिने दुसऱ्यांदा टोचलं, अगदी बरोबर, डोळे उघडे ठेवून. तोपर्यंत फोनची बॅटरी संपली होती.

निघताना तिला विचारलं, "टाकू ना ग्रुपवर?" ती पदर तोंडाला लावून हसली. हसली म्हणजे हो.

३० ऑगस्ट, शनिवार

ग्रुपवरून ऋषिकेशने उचलून ते संस्थेच्या पानावर टाकलं. खाली लिहिलं, 'शेळीला कळलंबी नाही!' आणि हसणारे चेहरे. दोन दिवसांत चाळीस हजार लोकांनी पाहिलं! एकोणीस वर्षांत माझ्या हॉलमध्ये सगळे मिळून इतके लोक आले नसतील. ऋषिकेशने बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, "सरांकडून शिका." मी म्हटलं, छे छे, त्यात काय. पण घरी येईपर्यंत आणखी चार वेळा उघडून पाहिलं. आकडा प्रत्येक वेळी वाढलेला.

४ सप्टेंबर, गुरुवार

दोन लाख दहा हजार. बस स्टँडवरच्या पानवाल्याने पान लावता लावता म्हटलं, "चुना लावला सर, तुमाले कळलंबी नाई!" आणि दुकानातले सगळे हसले. त्याला ठाऊक नव्हतं की व्हिडिओत मागून विनोद करणारे सर म्हणजे मीच. मीच सांगितलं. पान फुकट मिळालं.

कोणीतरी त्या व्हिडिओला ढोलकी जोडली आहे. 'इले कळलंबी नाई' तेवढंच पाच वेळा वाजतं आणि दर वेळी रामीबाईचा चेहरा मोठा मोठा होत जातो. कल्पकता आहे लोकांमध्ये.

११ सप्टेंबर, गुरुवार

रामीबाई ग्रुपमधून बाहेर पडली असं फोनवर दिसलं. रिचार्ज संपला असणार. बायांचं नेहमीचंच आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

हे लिहायला नको असं वाटतंय, म्हणूनच लिहितो.

बर्फाची पेटी घेऊन तांड्यात गेलो. आज रामीबाईच्या कामाचा पहिला दिवस होता. दोनशे लसी बरोबर होत्या. झाडाखाली रामीबाई पांढरा अॅप्रन घालून बसलेली. अॅप्रनची इस्त्रीची घडी तशीच होती. समोर तिच्या स्वतःच्या चार शेळ्या. बाकी कोणी नाही.

मी तासभर वाट पाहिली. मग शेजारच्या हेमलाच्या दारात गेलो. तिच्याकडे वीस-बावीस शेळ्या. म्हटलं, चला, लस आली. ती म्हणाली, "तुमी टोचत असान तर आनतो सर. इच्या हातानं नको."

"का हो?"

"काहून म्हंजे? साऱ्या दुनियेनं पाह्यलं ना. औषध बाहीर सांडते अन् म्हनते कळलंबी नाई. आमची बकरी मेली तं?"

तेवढ्यात दोन-तीन पोरं ढोलकीच्या तालावर तेच म्हणत पळाली, 'इले कळलंबी नाई, इले कळलंबी नाई.' माझ्यासमोर, तिच्यासमोर. रामीबाईने मान वर केली नाही. पेटीचं झाकण नीट बसलंय का ते पाहत राहिली, जणू माझी लस खराब होऊ नये एवढीच तिला काळजी.

तिने मला चहा दिला.  देवला खाटेवर बसला होता. तो म्हणाला, "मुकादम येऊन गेला सर. म्या हाव म्हनून टाकलं. रेनूले पोरं शाळेत चिडवतात, ती बी तीन दिवसापासून जाऊन नाई राह्यली." रेणू दाराआड उभी होती. मी तिच्याकडे पाहून हसलो आणि ती आत गेली. एकशे शहाण्णव लसी परत आणल्या. येताना जीपमध्ये माझ्या शेजारच्या माणसाच्या फोनात तेच वाजत होतं. त्याने मला दाखवलंही. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो आणि त्यातला सरांचा आवाज माझा आहे हे सांगितलं नाही.

लाज वाटते. पानवाल्याला सांगितलं होतं, याला नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

व्हिडिओ पुसायला लावला. ऋषिकेश आधी तयार होत नव्हता. "सर, त्यात कोणी वाईट बोललंच नाही ना, नुसते हसले." शेवटी पुसला. बैल गेला अन् झोपा केला. ढोलकीवाला तसाच फिरतोय, त्याचं मूळ कुठे आहे कोणाला ठाऊक.

दिवसभर एकच विचार. हॉलमध्ये असं कधीच झालं नसतं. चार भिंतींत हसणं होतं, तिथेच विरून जायचं. माझी पद्धत चांगली होती, या मोबाइलने तिचं मातेरं केलं. उद्या-परवा तांड्यात जाऊन हे नीट समजावून सांगेन.

२४ सप्टेंबर, बुधवार

काय बोलायचं ते जीपमध्ये पाठ केलं होतं. रामीबाई ज्वारी निवडत होती. मी पाठ केलेलं सगळं बोललो. मोबाइलची चूक, लोकांची चूक, माझीही चूक, की मी बाहेर जाऊ दिलं. म्हटलं, हॉलमध्ये आपण कसे हसायचो, आठवतं ना? तिथे कोणाला वाईट वाटायचं नाही.

तिने सूप खाली ठेवलं.

"सर, तुमाले राग नाई येनार तं सांगू का?"

"सांगा."

"ती टाळी मले हालमंदी बी नोको वाटे."

मी म्हटलं, पण तुम्ही तर स्वतः वाजवायच्या.

"साऱ्या वाजवत, मंग मी बी वाजवो. नाई वाजवली तं सर म्हनतीन, हिले राग आला. पह्यल्या दिवशी त्या अनसिंगच्या बाईले तुमी पुढं बलावलं, ती घरी जाऊन दुसऱ्या दिवशी आलीच नाई. तुमी म्हनलं तिच्या घरी पावना आला असन."

मला ती बाई आठवली. पाहुण्याचं मीच म्हटलं होतं, हेही आठवलं.

"आमाले वाटे," ती म्हणाली, "चुकलो तं चुकलो. सरानं हात धरून सांगाव, बाई, असं नाई असं. त्याच्यात टाळी कायले?"

मग तिने एक साधा प्रश्न विचारला. माझी चेष्टा करावी म्हणून नव्हे, खरंच जाणून घ्यायला. "सर, तुमी सोता कवा टोचलं होतं शेवटी? आमी तं तुमाले कवाच नाई पाह्यलं टोचताना. केळं टोचता तुमी, नाई तं चित्र दाखवता."

मी म्हटलं, होतील काही वर्षं. ती "हाव का" म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

काही वर्षं नाही. अकरा वर्षं. प्रशिक्षकाला हातात सुई धरायची गरज पडत नाही, बोलायचं काम असतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

आणखी एक लिहून टाकतो. कामरगावची ती चूक माझी नाही. एका शेळीला दोनदा लस भागिरथाबाईंनी दिली होती, माझ्या पहिल्या तुकडीतल्या. त्यांनी घाबरत घाबरत येऊन मला एकट्याला सांगितलं होतं, सर, कोणाले सांगू नका. मी नाव सांगितलं नाही. मला वाटलं, स्वतःच्या नावावर घेतली म्हणजे मोठेपणाच केला. एकोणीस वर्षं मी त्यांची चूक सांगून माझा साधेपणा मिरवला. भागिरथाबाई नंतरच्या चार प्रशिक्षणांत समोर बसलेल्या असत. इतरांबरोबर हसत. हसल्या म्हणजे चाललं, असंच मी धरलं होतं.

आज जेवण गेलं नाही. ही विचारत होती, अॅसिडिटी आहे का. हो म्हटलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

ठरवलं की आपली खरी चूक आपण कॅमेऱ्यासमोर सांगायची. सकाळी फोन फडताळावर ठेवून बसलो. पहिल्या वेळी घाम दिसत होता. दुसऱ्यांदा आवाज फार रडका आला. तिसऱ्यांदा शर्ट बदलला. बारा वेळा केलं आणि बारा वेळा पुसलं.

निकिताला फोन केला, म्हटलं, बरं दिसत नाही गं काहीच. ती म्हणाली, "बाबा, स्वतःचा बारा वेळा पाहून पुसला. तिचा तिला एकदा तरी दाखवला होता का?"

मी फोन ठेवला. राग आला तिचा. संध्याकाळपर्यंत राग उतरला, प्रश्न राहिला.

५ ऑक्टोबर, रविवार

तांड्यात गेलो. दसऱ्याची आपट्याची पानं अजून दारांवर होती. हरिसिंग नायकांना आधी भेटलो. तांड्याचे प्रमुख, सत्तरीचे. त्यांना म्हटलं, माणसं जमवा, मला रामीबाईंकडून लस टोचायला शिकायचं आहे. ते म्हणाले, "तुमी सर ना?" मी म्हटलं, हो, म्हणूनच.

पंचवीस-तीस माणसं जमली. रेणूच्या हातात मी फोन दिला. तिने तो आधी पायजम्याला पुसून घेतला. मी सगळ्यांसमोर सांगितलं की मी अकरा वर्षांत जिवंत शेळीला सुई लावलेली नाही, आणि रामीबाईने त्या दिवशी दुसऱ्यांदा बरोबर टोचलं होतं ते तुम्हाला कोणी दाखवलं नाही, कारण मी फोन चार्ज केला नव्हता आणि मला हसवण्यापुरतंच हवं होतं.  हेमलाने पदर सावरला.

मग शेळी धरली. मला वाटलं होतं, एवढी वर्षं शिकवलंय, हात विसरणार नाही. मनात कुठेतरी होतं की बरोबरच जाईल आणि लोक म्हणतील, सर ते सर. सुई घातली. हाताला काहीच कळलं नाही. दांडा दाबला आणि लस दुसऱ्या बाजूने उडून माझ्या शर्टावर. तीच चूक, तंतोतंत. माझे डोळे तर उघडे होते.

मी टाळ्यांची वाट पाहत उभा राहिलो. कोणी टाळी वाजवली नाही. हसलंही नाही कोणी. रामीबाई पुढे आली, माझा हात मनगटापाशी धरला आणि हळू म्हणाली, "सर, चिमटी वर उचला. तंबू झाला पाह्यजे. आता सुई खालच्या अंगानं. दाबू नका, आधी हलवून पाहा. मोकळी हलली का? मंग कातडीखाली हाये. दाबा आता." मी दाबलं. शेळीने कान हलवला. तिने ऑगस्टमध्ये मला विचारलं होतं ते हेच होतं, हाताला कसं कळतं. मी सराव म्हणालो होतो.

"हाव, असंच," ती म्हणाली आणि हात सोडला. एवढंच.

टाकायच्या आधी तिला व्हिडिओ दाखवला. तिने तीनदा पाहिला. म्हणाली, "रेनूनं चांगला काढला." मग म्हणाली, "टाका. पन ते पह्यलंवालं?"

"पुसलं."

"तुमच्या फोनातून पुसलं असन," ती म्हणाली.

८ ऑक्टोबर, बुधवार

दोनशे चौदा लोकांनी पाहिला. ढोलकी कोणी जोडली नाही. ऋषिकेश म्हणाला, "सर, यात मजा नाई ना." तरी त्याने तो पानावर ठेवला आहे, हे खरं सांगायला हवं.

हरिसिंग नायकांनी त्यांच्या अकरा शेळ्या रामीबाईकडून टोचून घेतल्या. हेमलाने सहा आणल्या, बाकीच्या पुढच्या वेळी म्हणाली. मला एवढा आनंद झाला की मी रामीबाईला फोन करून म्हटलं, आता जायची गरज नाही ना?

"शब्द देल्ला सर त्यायनं," ती म्हणाली. "तवा कोनी बकरी आनत नव्हतं. मुकादमाले आता नाई म्हनलं तं पुढच्या साली कोन इचारन आमाले?"

महिनाभर आधी या अकरा शेळ्या आल्या असत्या तर तो शब्द गेलाच नसता. तो महिना माझा आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीनंतरची पहिली गाडी आज गेली. मी पोचलो तेव्हा ट्रकमध्ये भांडी, खाटा, कोंबड्या, चार शेळ्या आणि माणसं भरली होती. रामीबाईला मी सुया-सिरिंजची पिशवी आणि छोटी बर्फाची पेटी दिली. संस्थेची आहे, नोंद माझ्या नावावर करून घेतली. म्हटलं, तिकडे जनावरांचा दवाखाना असेल, डॉक्टरांशी मी फोनवर बोलतो. तिने पेटी मांडीवर घेतली.

मी रेणूबद्दल विचारणार होतो. कोणाकडे ठेवली, शाळेचं काय. पण ट्रक सुरू झाला आणि मला गर्दीत ती कुठे दिसली नाही. घरी हेमलाकडे असेल असं समजून मी परत आलो. हेमलाचं घर तिथून पन्नास पावलांवर होतं. गेलो नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसात बसलो होतो. देवलाच्या नंबरवरून व्हिडिओ आला.

उसाच्या फडाजवळच्या झोपड्या. रामीबाई, अंगावर तोच अॅप्रन, आता मळलेला. भोवती तोडीवरच्या सात-आठ बाया. एक तरुण बाई शेळीला टोचत होती, तिने डोळे मिटले, आणि सुई आरपार. लस बाहेर. बाया हसल्या. एकीने टाळी वाजवायला हात वर केले. रामीबाईने ते दोन्ही हात आपल्या एका हातात धरले आणि खाली ठेवले, न रागावता. मग त्या टोचणाऱ्या बाईचं मनगट धरून म्हणाली, "काई नाई झालं. चिमटी वर घे. हलवून पाह्य. मोकळी हलली का?" त्या बाईने मान हलवली. "मंग दाब."

लस बरोबर गेली. खुर्चीत बसल्या जागी माझे दोन्ही हात वर आले होते, टाळीसाठी. ते मला नंतर कळलं. मी ते मांडीवर ठेवले. ऑफिसात कोणी पाहिलं नसावं.

व्हिडिओ पुन्हा लावला. शेवटी कॅमेऱ्यामागून कोणीतरी खुदकन हसतं आणि म्हणतं, "याडी, झालं, बंद करू?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. आवाज रेणूचा. मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं, गुरुवार.

लिहिलं, 'रेणू, शाळा?'

उत्तर लगेच आलं. 'अठी शाळा नाई सर. व्हिडिओ कसा झाला?'